चक्कीचं आयुष्य नळात असतं

गल्लीत जात्याच्या खाचा टाकीने पुन्हा कोरणारा टाकारी आला की आजी आधी मागच्या दळणाचं पीठ चिमटीत धरून बघायची. रवाळ आणि हाताला कोमट लागलं, की जातं गुळगुळीत झालं हे ठरलं. पाळ्यांच्या खाचा बुजल्या की दाणा नीट कापला जात नाही, नुसता घासला जातो, पीठ तापतं. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीपुढे उभं राहिलं की मला ती चिमूट आठवते. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यालगतची ही चक्की फकीर आणि यात्रेकरूंसाठी दळायची. जातं केवढंही मोठं असो, त्याला टाकी लावावीच लागते.

इथलं पाण्यातलं चाक आडवं आहे. त्याचा उभा कणा थेट वरची पाळी फिरवतो, मध्ये दातेरी चाकांची भानगड नाही. एक लिटर पाणी एक मीटर खाली पडलं की 9.8 ज्यूल ऊर्जा मिळते. समजा, सेकंदाला 20 लिटर पाणी 3 मीटरवरून पडलं, तर होतात सुमारे 590 वॅट. त्यातले निम्मे वाया गेले तरी 300 उरतात. म्हणजे अर्ध्या अश्वशक्तीहूनही कमी, पण ती रात्रंदिवस मिळणारी.

म्हणूनच अशी चक्की बंद ठेवणं हीच तिची मोठी हानी. सतत पाण्याखाली राहिलेल्या लाकडाला प्राणवायू कमी मिळतो, त्यामुळे ते सावकाश कुजतं. ओलं-सुकं होत राहिलेलं मात्र लवकर जातं. लोखंडी कणा गंजतो, टेकणीवर आखडतो.

आणि चक्की म्हणजे फक्त चाक नव्हे. 1626 मध्ये वारलेल्या मलिक अंबरने या शहरात जमिनीखालून नहर आणली. त्याच परंपरेत, डोंगराकडच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून निव्वळ उतारावर इथवर पोचवलं गेलं. नळाचा सांधा उकलला की ओल शोधत झाडाची मुळं आत शिरतात. तो सांधा सिमेंटने भरू नये. ताठर सिमेंट जमिनीबरोबर हलत नाही, चिरतं आणि शेजारचा भाजका नळही फोडतं. मऊ चुना थोडा हलतो, बारीक चीर पुष्कळदा स्वतःच बुजवतो.

शहरातल्या या जुन्या नहरींवर आज घरं आहेत, रस्ते आहेत. चाकाची दुरुस्ती चार कुशल हात करतील. नळवाटेचा नकाशा मात्र पालिकेच्या टेबलावर, पुढच्या खोदकामाची परवानगी देण्याआधी उलगडलेला हवा.