चित्र लहान करावे, पण सारसाचे पाय राखून

गोंदिया जिल्ह्यातील धानाच्या बांधीत उभ्या असलेल्या सारसाचे छायाचित्र घ्या. त्यात आडवे ४००० आणि उभे ३००० ठिपके, म्हणजे एकंदर १ कोटी २० लाख. संगणकावर ते ८०० गुणिले ६०० करावयाचे, तर जुन्या २५ ठिपक्यांच्या जागी नवा एकच राहणार. त्याला रंग कोणता द्यावा, हा खरा प्रश्न.

आळशी आज्ञावली दर पाचवा ठिपका उचलते आणि बाकीचे टाकून देते. सारसाचा तांबूस पाय दोनच ठिपके रुंद असला, तर तो वगळला जाण्याचा संभव. तिरपा असला, तर तुटक दिसतो. पक्षी जणू अधांतरी! शहाणी आज्ञावली पंचवीसही ठिपक्यांच्या रंगांची सरासरी काढते. पाय फिकट होतो, पण नाहीसा होत नाही. हंगेरियन गणिती कॉर्नेलियस लान्झोस (१८९३–१९७४) यांच्या नावाची रीत याहून बारीक. ती आसपासच्या ठिपक्यांनाही अंतराप्रमाणे कमीअधिक वजन देते. म्हणून कडा रेखीव राहतात.

मात्र एकदा गेलेला तपशील चित्र पुन्हा मोठे केल्याने परत येत नाही. महाराष्ट्रात सारस आता मोजकेच उरले आहेत. त्यांची नोंद ठेवणाऱ्याने मूळ चित्र जपावे. लहान करावी ती प्रत.