घरी घडविलेली हत्यारे आणि गिअरबॉक्सची दुरुस्ती

मोटारीचा गिअरबॉक्स उघडावयाचा म्हटले की पुष्कळांना वाटते, हे काम मोठ्या कारखान्याचे. कंपनीची खास हत्यारे आपल्याजवळ कोठून येणार? ही समजूत निम्मीच खरी आहे. खास हत्यारे लागतात, हे खरे. पण ती विकतच घेतली पाहिजेत, असे मात्र नाही. हत्यार म्हणजे जोर नेमक्या जागी पोहोचविण्याची सोय. जोर कोठे द्यावयाचा आणि कोठे मुळीच द्यावयाचा नाही, हे ज्याला उमगले, त्याला भंगारातल्या नळीच्या तुकड्यातूनही चांगले हत्यार घडविता येते.

उदाहरणादाखल जुनी जीप घेऊ. महिंद्र कंपनीच्या सीजे-३बी जीपमध्ये टी-९० नावाचा तीन गतींचा गिअरबॉक्स असे. त्याच्या तळाशी एका स्थिर शाफ्टभोवती दंतचक्रांचा जोडसंच फिरतो. शाफ्ट आणि संच यांच्यामध्ये बारीक, सुट्या सुयांची बेअरिंगे असतात. शाफ्ट नुसता ठोकून काढला की सुया पेटीत विखुरतात. आणि पुन्हा बसविताना एक जरी खाली घसरली, तरी सारी जुळणी परत उकलावी लागते.

यावर उपाय म्हणजे ‘खोटा शाफ्ट’. खऱ्या शाफ्टच्या जाडीची, किंचित बारीक चालेल, पण जाड नको, अशी एक गोल दांडी घ्यावी. तिची लांबी संच आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या चकत्या मिळून होते तेवढी ठेवावी. पेटीच्या आतल्या रुंदीपेक्षा ती तसूभरही जास्त नसावी. दांडी लोखंडाची असावी किंवा गुळगुळीत घासलेल्या कठीण लाकडाची. सुया ग्रीसने चिकटवून, ही दांडी आत घालून संच पेटीत ठेवावा. मग खरा शाफ्ट बाहेरून सरकवावा. तो खोट्याला पुढे ढकलीत येतो. दोघांची टोके एकमेकांना भिडलेली राहिली, म्हणजे सुईला पडावयाला फटच मिळत नाही. काढतानाही हीच रीत.

दुसरे हत्यार म्हणजे नळी. गोळ्यांचे बेअरिंग शाफ्टवर घट्ट बसवावयाचे असेल तर जोर आतल्या कड्यावर द्यावा. पेटीच्या भोकात बसवावयाचे असेल तर बाहेरच्या कड्यावर. उलट केले तर सारा घाव गोळ्यांतून जातो आणि त्यांच्या वाटेवर बारीक खळगे पडतात. त्या दिवशी काही दिसत नाही. पुढे गाडी घुरघुरू लागते. म्हणून त्या त्या कड्याच्या मापाची नळी घेऊन तिचे तोंड कानशीने काटकोनात सपाट करावे. बेअरिंगवर पोलादी हातोडा थेट मारू नये. कपची उडून डोळा जाण्याची भीती असते. मध्ये पितळी दांडका धरावा आणि चष्मा लावावा.

तिसरे हत्यार पुलर. जाड पट्टीच्या मध्यभागी आटे पाडून त्यात १६ मिलिमीटरचा बोल्ट घालावा, आणि दोन्ही टोकांना आकड्याच्या दोन पट्ट्या जोडाव्यात. या बोल्टचा नेहमीचा आटा एका फेऱ्यात २ मिलिमीटर पुढे जातो. २० सेंटिमीटरच्या पान्याचे टोक तेवढ्यात सुमारे १२५ सेंटिमीटर फिरते. म्हणजे हिशेबाने जोर सहाशे पटींवर जातो. घर्षणात त्यातला बराच खर्च होतो, तरी उरलेला बेअरिंग ओढावयास पुष्कळ होतो. हा जोर सरळ आणि सावकाश येतो, हे त्यातले खरे मर्म.

चौथे तर स्वयंपाकघरातलेच. बेअरिंग तापविले की फुगते आणि शाफ्टवर सहज सरकते. पण ज्योत थेट लावली तर पोलादाचे पाणी उतरते. म्हणून उकळत्या पाण्याच्या मोठ्या पातेल्यात तेलाचे लहान पातेले ठेवावे व त्यात बेअरिंग तळाला न टेकता टांगावे. पाणी आहे तोवर उष्णता १०० अंशांच्या वर जातच नाही. ३० अंशांवरून तेथवर तापविल्यास ४० मिलिमीटरचे भोक मिलिमीटरच्या सुमारे तिसाव्या भागाने मोठे होते. ही वाढ डोळ्यांना दिसत नाही. पण तेवढ्याने पुष्कळदा हातोड्याचे काम वाचते.

मात्र घरच्या हत्यारांना एक मर्यादा आहे. ढकलणे, ओढणे, धरणे ही कामे त्यांच्यावर सोपवावीत. मोजण्याचे काम सोपवू नये. चकत्यांमधील फट, दंतचक्रांची हालचाल, बोल्टांचा ताण यांसाठी फिलर गेज, डायल गेज आणि टॉर्क पाना हीच साधने हवीत, आणि आकडे त्या गाडीच्या पुस्तकातलेच घ्यावेत. येथे अंदाज केला तर वाचविलेले पैसे पुढे दामदुपटीने जातात.

जुन्या गाड्यांचे सुटे भाग दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहेत. एक दंतचक्र हातोड्याने फुटले, तर त्याचा जोडीदार शोधण्यात महिने जातात. अशा काळात नळीचा एक तुकडा आणि लाकडाची एक दांडी नीट मापाने घडविणे हा कंजूषपणा नव्हे. आपल्या हाती असलेल्या यंत्राची ती राखण आहे. आमच्या मते, प्रत्येक शिकाऊ फिटरने पहिला गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी ही चार हत्यारे स्वतः करून पाहावीत. ती घडविता घडविताच गिअरबॉक्स अर्धा समजलेला असतो.