मेंदूतील अर्बुदांचा औषधप्रतिकार आणि ओ-६-बेन्झिलग्वानिन

ग्लायोब्लास्टोमा हे प्रौढांमध्ये आढळणारे मेंदूचे सर्वाधिक घातक अर्बुद होय. किरणोपचाराला टेमोझोलोमाइड या औषधाची जोड दिल्यास रुग्णाचे मध्यक आयुर्मान १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांपर्यंत वाढते, असे रॉजर स्टुप व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली दाखवून दिले. हा लाभ सर्वांना सारखा मिळत नाही. त्यामागील एक प्रमुख कारण एमजीएमटी या प्रथिनात दडलेले आहे.

टेमोझोलोमाइड पेशीच्या डीएनएमधील ग्वानिनला मिथिल गट चिकटवते आणि त्यामुळे विभाजनाच्या वेळी पेशी मरणपंथाला लागते. एमजीएमटी नेमका तोच गट उपटून स्वतःवर घेते. या व्यवहारात त्या प्रथिनाचा रेणू मात्र कायमचा निकामी होतो; एक रेणू एकच दुरुस्ती करू शकतो. ज्या अर्बुदांत मिथिलीकरणामुळे या प्रथिनाचे जनुक बंद पडलेले असते, तेथे औषध अधिक परिणामकारक ठरते. मोनिका हेगी यांनी २००५ मध्ये तपासलेल्या नमुन्यांपैकी सुमारे ४५ टक्क्यांत हे जनुक बंद होते. प्रश्न उरतो तो इतर रुग्णांचा.

ओ-६-बेन्झिलग्वानिन या प्रायोगिक औषधाची कल्पना येथूनच निघाली. बिघडलेल्या ग्वानिनचे सोंग घेऊन ते एमजीएमटीचा साठा आधीच खर्ची पाडते. कल्पना मोठी चतुर. परंतु टेमोझोलोमाइडला न जुमानणाऱ्या अर्बुदांवरील, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ग्लायोब्लास्टोमाच्या ३४ रुग्णांपैकी एकालाच प्रतिसाद मिळाला. तुलनेने कमी घातक ॲनाप्लास्टिक ग्लायोमात हे प्रमाण १६ टक्के होते. शिवाय अर्बुदाची ढाल काढताना अस्थिमज्जेचीही ढाल निघून जाते. तिच्यात एमजीएमटी मुळातच कमी असते. परिणामी जवळपास निम्म्या रुग्णांच्या रक्तपेशी अत्यंत गंभीर पातळीपर्यंत घटल्या.

यावर सिॲटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्रातील संशोधकांनी वेगळाच उपाय योजला. ओ-६-बेन्झिलग्वानिनला न फसणारे बदललेले एमजीएमटी जनुक त्यांनी रुग्णाच्याच रक्तमूलपेशींत घातले. २०१२ साली त्यांनी अशा तीन रुग्णांचे निष्कर्ष मांडले; त्यांच्या अस्थिमज्जेला संरक्षण मिळाले. तीन ही संख्या उपचारपद्धती ठरवण्यास अर्थातच अपुरी आहे.

दुसरी वाट वेलिपॅरिबची. हे औषध पार्प या निराळ्या दुरुस्तीयंत्रणेला रोखते. एमजीएमटी जनुक बंद असलेल्या रुग्णांवरील मोठ्या चाचणीत वेलिपॅरिब घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान २८.१ महिने, तर न घेणाऱ्यांचे २४.८ महिने भरले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरला नाही.