हिंजवडीची कोंडी: समज आणि हिशेब

"तीनच दिवस तर ऑफिस असतं, मग गर्दी निम्मी नको का व्हायला?" पुण्याजवळच्या हिंजवडी आयटी पार्कच्या कोंडीत अडकलेला माणूस हे हमखास विचारतो. टीसीएसने ऑक्टोबर 2023 पासून कर्मचाऱ्यांना पाचही दिवस बोलावलं, विप्रोने त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून तीन दिवस सक्तीचे केले. दोघांचीही मोठी कार्यालयं या आयटी पार्कमध्ये आहेत. ज्यांना तीनच दिवस जायचं, त्यांच्यातला कोण सोमवार आणि शुक्रवार निवडेल? मंगळवार ते गुरुवार सगळे एकत्र येतात, टीमच्या बैठकाही तेव्हाच ठरतात. रस्त्याला आठवड्याची सरासरी कळत नाही. बुधवारी सकाळी साडेनऊला किती गाड्या आल्या, एवढाच त्याचा प्रश्न.

"चार गाड्या वाढल्या म्हणून एवढा उशीर?" खरी गोम इथे आहे. समजा, एका चौकातून मिनिटाला 100 गाड्या पार होतात. 99 येत असतील तर फारसं काही बिघडत नाही. 110 येऊ लागल्या की तासाभरात 600 गाड्या तुंबतात आणि शेवटच्याला सहा मिनिटं थांबावं लागतं. दुसऱ्या तासाला हीच थांबण्याची वेळ बारा मिनिटं होते. मग ओघ 90 वर उतरला, तरी साचलेल्या 1200 गाड्या निघायला आणखी दोन तास. म्हणजे गर्दीची वेळ संपल्यावरही रांग शिल्लकच! असे चौक घर ते ऑफिसच्या वाटेत चार-पाच लागतात. टॉमटॉम या कंपनीच्या 2024 च्या वाहतूक निर्देशांकात पुण्यात 10 किलोमीटरला सरासरी 33 मिनिटं 22 सेकंद लागत होती आणि जगातल्या सर्वांत संथ शहरांत पुणं चौथं होतं.

पुढे कुणीतरी गाडी आडवी घातली असणार, हा संशय मात्र दर वेळी खरा नसतो. जपानी संशोधकांनी 230 मीटरच्या गोल रिंगणात 22 गाड्या एकाच वेगाने चालवायला सांगितल्या. 2008 मध्ये या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: ना सिग्नल, ना अपघात, तरी थोड्याच वेळात गाड्या थांबत-थांबत चालू लागल्या. एकाने किंचित ब्रेक दाबला की मागचा जरा जास्त दाबतो.

"रस्ता रुंद करा, पूल बांधा." आयटी पार्कच्या आतले रस्ते हवे तेवढे रुंद करा, सगळा ओघ शेवटी शिवाजी चौक, भूमकर चौक आणि वाकडच्या महामार्गाशीच येऊन तुंबतो. शिवाय मोकळा रस्ता नव्या गाड्यांना बोलावतो. अमेरिकी शहरांचा अभ्यास करून दुरांतों आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी 2011 मध्ये दाखवलं की महामार्ग जितके टक्के वाढतात, जवळपास तितके टक्के वाहनांचा प्रवासही वाढतो.

मेट्रोबद्दलची आशा रास्त आहे, पण तिचा नकाशा नीट पाहिलेला बरा. माण ते शिवाजीनगर ही 23.3 किलोमीटरची मार्गिका वाकड, बालेवाडी, बाणेरवरून जाते. रावेत, पुनावळे, ताथवड्याच्या लोकांना तिचा थेट उपयोग नाही. त्यांचा मार्ग भूमकर चौकातूनच. आणि स्थानकापासून कंपनीच्या दारापर्यंतचं अंतर उन्हापावसात कसं कापायचं, हे ठरल्याशिवाय चारचाकीवाला किल्ली खाली ठेवणार नाही.

बसने प्रश्न सुटत नाही, असंही ठासून सांगितलं जातं. एक बस दोन-तीन मोटारींएवढी जागा घेते आणि पन्नास माणसं नेते. मोटारीत बहुधा एकच असतो. बस निरुपयोगी वाटते ती स्वतंत्र मार्गिकेअभावी, कारण तीही त्याच रांगेत उभी राहते.

राहिला दोष कुणाचा हा प्रश्न. आतले रस्ते एमआयडीसीचे, महामार्ग केंद्राच्या प्राधिकरणाचा, मेट्रो पीएमआरडीएची, नियमन पिंपरी-चिंचवड पोलिसांचं. त्यामुळे चौकातला हवालदार शिट्टी फुंकून दमला तरी रांग कमी होत नाही. पूल किंवा मेट्रोला वर्षं लागतात. त्याउलट कंपन्यांनी काही टीमना साडेसातला, काहींना अकराला बोलावलं आणि हजेरीचे वार विभागून दिले, तर वरच्या हिशेबातले 110 पुन्हा 99 वर यायला एकेक परिपत्रक पुरतं. पण मोठ्या कंपन्यांनी हे आपसांत ठरवून केलं तरच, नाहीतर सगळ्यांचीच नवी वेळ पुन्हा एकच होते.