तास मोजणारे पिवळे यंत्र

पुढे रुंद बकेट, मागे लांब हाताला लावलेले छोटे बकेट आणि मध्ये दोन्हीकडे तोंड करता येईल अशी खुर्ची, अशा यंत्राचे पुस्तकी नाव बॅकहो लोडर. ठाणे-कल्याण पट्ट्यात हे नाव फारसे कोणी घेत नाही. यंत्र केसचे असो, महिंद्राचे असो वा टाटा हिताचीचे, त्याला जेसीबीच म्हणतात. साखळीपट्ट्यावर चालणारे मोठे खोदयंत्र कोणाचेही असले तरी ते पोकलेन, आणि अरुंद गल्लीत जागच्या जागी वळणारा ठेंगणा लोडर म्हणजे बॉबकॅट. ही तिन्ही मुळात व्यापारी नावे आहेत. पोकलेनची कंपनी फ्रेंच होती, हे ते नाव घेणाऱ्या बहुतेकांच्या गावीही नसते.

जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी 1945 मध्ये इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमधील उटॉक्झिटर येथे एका गॅरेजात ट्रेलर बनवायला सुरुवात केली. 1953 मध्ये त्यांनी शेतीच्या ट्रॅक्टरला पुढे लोडर आणि मागे हायड्रॉलिक खोदहात जोडला. आजच्या यंत्राची घडण तिथून सुरू होते. भारतात 1979 मध्ये एस्कॉर्ट्सबरोबर भागीदारी होऊन हरियाणातील बल्लभगडला उत्पादन सुरू झाले. पुढे पुण्याजवळ तळेगावलाही कारखाना निघाला. म्हणजे हे यंत्र वंशाने ट्रॅक्टरच आहे. ठाणे जिल्ह्यात तर दोघांचे नाते आणखी जवळचे आहे, कारण ज्या खाचरात काल ट्रॅक्टर चिखलणी करत होता, तिथेच आज जेसीबी पाया खोदतो, आणि पुष्कळदा दोन्ही यंत्रे एकाच घरची असतात.

कल्याण-डोंबिवली महापालिका 1 ऑक्टोबर 1983 रोजी स्थापन झाली. आसपासची 27 गावे तेव्हा तिच्यात आली, 2002 मध्ये बाहेर पडली आणि 2015 मध्ये पुन्हा आत आली. या ये-जा करण्याच्या काळात निळजे, काटई, भोपर, दावडी, गोळवली या भागांतील भातशेती झपाट्याने बांधकामाखाली गेली. जमिनीचा मोबदला मिळालेल्या आगरी आणि कुणबी कुटुंबांपैकी कित्येकांनी त्यातून डंपर आणि जेसीबी घेतले. हिशोब सरळ होता: आपल्याच शिवारात इमारत उभी राहणार, तर निदान माती आपण काढू. भराव, खोदाई आणि बांधकाम साहित्याचा पुरवठा गावातल्याच माणसाकडे राहावा, हा आग्रह तेव्हापासूनचा.

शहरी कामात पोकलेनपेक्षा जेसीबी सोयीचा ठरतो तो मुख्यतः चाकांमुळे. पोकलेन न्यायचा तर लो-बेड ट्रेलर लागतो. जेसीबी सकाळी मानपाड्याला गटाराचा चर खणून दुपारी स्वतःच्या चाकांवर शीळफाट्याला पोहोचतो. यंत्राचे वजन साडेसात टनांच्या आसपास असते आणि मागचा हात साडेचार मीटरहून थोडा खोल जातो. मलवाहिन्या, जोते, पाण्याची टाकी, पडक्या घराचा डेब्रिज भरणे अशा मधल्या मापाच्या कामांना एवढे पुरते. रस्त्यावर चालते म्हणून मोटार वाहन कायद्याने ते वाहनच आहे. त्याला नंबरप्लेट लागते, ठाण्याची एमएच 04 किंवा कल्याणची एमएच 05, विमाही लागतो. गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी लागली की ते रस्त्याकडेला थांबते आणि तो वेळ कोणाच्याच बिलात धरला जात नाही.

मालकाचे सगळे नशीब डॅशबोर्डवरच्या एका छोट्या मीटरवर ठरते. मोटारीचे आयुष्य किलोमीटरमध्ये मोजतात, या यंत्राचे तासांत. भाडे, डिझेल, ऑइल बदलणे, पुनर्विक्रीची किंमत, सारे तासावर. उदाहरणादाखल 30 लाखांचे कर्ज, 10 टक्के व्याज आणि चार वर्षांची मुदत धरली, तर महिन्याचा हप्ता सुमारे 76 हजार रुपये येतो. भाडे तासाला 1200 रुपये आणि डिझेल तासाला पाच लिटर, म्हणजे साडेचारशे रुपयांचे धरले, तर हाती 750 उरतात. हप्त्यापुरतेच शंभर तास झाले. पण बँकेचा हप्ता बारा महिने असतो आणि मातीकाम जेमतेम आठ महिने. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत खोदाई जवळजवळ थंडावते. वर्षाचे बारा हप्ते आठ महिन्यांवर टाकले की दरमहा दीडशे तास, म्हणजे आठ तासांच्या एकोणीस शिफ्ट, निव्वळ बँकेसाठी. ऑपरेटर, हेल्पर, टायर आणि विमा त्यानंतर. शोरूममध्ये हे गणित बहुतेकदा बारा महिन्यांच्या कामावर मांडून दाखवले जाते.

म्हणूनच पावसाळ्याआधीची महापालिकेची नालेसफाई मालकाला मोलाची वाटते. पैसे उशिरा मिळतात, पण तास सलग मिळतात. खाजगी कामात उलटे असते. तासाचा भाव चांगला मिळाला तरी काम दोन तासांचे आणि येण्याजाण्यात एक तास जातो. त्यावर उपाय म्हणून किमान भाडे ठरवण्याची पद्धत पडली आहे. यंत्र अर्धा तास चालले तरी ठरलेले किमान तास लागतात. उधारीवर मात्र पद्धत सापडलेली नाही. उपकंत्राटदाराचे बिल अडकले की त्याच्याखाली काम करणाऱ्या यंत्राचेही अडकते, आणि यंत्र काढून नेले तर आधीची बाकी बुडण्याची भीती. पुष्कळ मालक अशा ठिकाणी काम चालूच ठेवतात, आणि बाकी वाढतच जाते.

यंत्र चालवतो ऑपरेटर, आणि तो मालकाचा नातलग क्वचितच असतो. उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड किंवा मराठवाड्यातून आलेला तरुण हेल्पर म्हणून सुरुवात करतो, ग्रीस भरता भरता लिव्हर हाताळायला शिकतो आणि दोनेक वर्षांत खुर्चीवर बसतो. चांगल्या ऑपरेटरची पारख वेगात नसते. मागचा हात चालवण्याआधी तो दोन्ही जॅक टेकवून यंत्र समतल करतो का, बकेट दगडावर आपटतो की दातांनी उचकटतो, यावर सांध्यांतल्या पिन-बुशचे आयुष्य ठरते. डिझेलची चोरी ही मालकांची जुनी तक्रार आहे. आता यंत्र कुठे आहे, किती तास चालले, किती वेळ नुसते सुरू राहिले, हे मोबाइलवर दिसते. तरीही ऑपरेटर टिकवायचा असेल तर पगार वेळेवर देणे हाच खात्रीचा उपाय, कारण शेजारच्या साइटवरून त्याला रोज बोलावणे येत असते.

झीज कशी होते, हे इथल्या जमिनीवर अवलंबून आहे. पारसिक आणि येऊरच्या डोंगरांचा काळा पाषाण बकेटने निघत नाही, त्याला खडक फोडणारा ब्रेकर लावावा लागतो. ब्रेकरचे भाडे जास्त मिळते, पण त्याचे हादरे बूमच्या सांध्यांत उतरतात, पिना सैल होतात आणि हात डावी-उजवीकडे डुलू लागतो. खाडीकाठी वेगळेच दुखणे. खारट चिखल सांध्यांत आणि वायरिंगमध्ये शिरून लोखंड खातो, म्हणून तिथून आलेले यंत्र त्याच रात्री गोड्या पाण्याने धुवावे लागते. पाडकामाच्या ठिकाणी सळईने टायर फाटतो. रोजचे ग्रीसिंग पंधरा-वीस मिनिटांचे काम आहे, आणि तेच सर्वांत जास्त चुकवले जाते. हायड्रॉलिक होस फुटला की दिवस गेला. कसलेले मालक म्हणून नेहमी लागणारे दोन-तीन होस केबिनमध्येच ठेवतात.

खोदाईत जमिनीखालचेही भय आहे. डोंबिवलीसारख्या दाट वस्तीत एका फुटपाथखाली पाण्याची वाहिनी, विजेची केबल, गॅसवाहिनी आणि इंटरनेटची केबल अशा चौघी असू शकतात. वाहिनी तुटली की पहिले बोट यंत्राकडे जाते. चर आखणारा इंजिनिअर तोवर दुसऱ्या साइटवर गेलेला असतो.

कायद्याचा फटकाही यंत्रालाच बसतो. माती आणि मुरूम ही गौण खनिजे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 48 नुसार परवानगीशिवाय ती काढली किंवा वाहून नेली तर दंड होतो, शिवाय वाहन आणि यंत्र जप्त होऊ शकते. माप ब्रासचे, म्हणजे शंभर घनफुटांचे. स्वामित्वधन भरल्याची पावती साइटवर हवी. भराव खारफुटीत पडत असेल तर गुन्हा आणखी गंभीर होतो. ‘परवानगी आहे’ असे तोंडी सांगणारा पकडण्याच्या वेळी जागेवर नसतो आणि यंत्र महिनोन्‌महिने तहसील कार्यालयाच्या आवारात उभे राहते. हप्ता तेव्हाही चुकत नाही. परवान्याची प्रत हातात आल्याशिवाय इंजिन सुरू करायचे नाही, एवढा एकच नियम पाळणारे मालक या फेऱ्यातून वाचतात.

छोट्या ट्रॅक्टरचे अर्थकारण याहून साधे, पण त्याची कमाईही बेताची. शहापूर, मुरबाड आणि कल्याण तालुक्याच्या आतल्या गावांत खाचरे काही गुंठ्यांची, बांध उंच आणि वाट बैलगाडीपुरती. मोठा ट्रॅक्टर तिथे वळत नाही आणि चिखलात रुतला तर दुसरा बोलवावा लागतो. पंधरा ते पंचवीस हॉर्सपॉवरचा, शक्यतो चारही चाकांना जोर असलेला ट्रॅक्टर इथे शोभतो. महिंद्राचा युवराज आणि जिवो, व्हीएसटी, कुबोटा हे या वर्गातले. हलके वजन हा त्याचा खरा गुण, कारण चिखलाखालचा कठीण थर तो फोडत नाही. पण लावणीचा हंगाम तीन-चार आठवड्यांचा. एरवी वीटभट्टीची ट्रॉली किंवा पाण्याचा टँकर ओढून तास भरावे लागतात. शेतीसाठी नोंदवलेला ट्रॅक्टर भाड्याच्या मालवाहतुकीत अपघातात सापडला तर विम्याचा दावा अडतो.

अमेरिकेत अशाच लहान ट्रॅक्टरला पुढे लोडर आणि मागे खोदहात लावून घरमालक स्वतःच्या अंगणातली कामे करतात. इथे तो प्रयोग रुजला नाही. पुढच्या बकेटचा भार लहान ट्रॅक्टरच्या पुढच्या आसावर येतो, मागे तोल सांभाळायला वजन लागते, आणि खडकाळ जमिनीत असा जोडलेला हात चेसिसला तडे पाडतो. त्यातून तासाने जेसीबी बोलावणे स्वस्त.

सात-आठ हजार तास झाले की जेसीबी शहरातून बाहेर पडू लागतो. जुने यंत्र पाहणारा जाणता गिऱ्हाईक मीटरकडे शेवटी बघतो, कारण मीटर बदलता येतो. आधी तो बकेट जमिनीपासून वीतभर उचलून हाताने हलवतो आणि पिनांत किती खेळ आहे ते पाहतो. मग बूमवरच्या वेल्डिंगच्या खुणा, सिलिंडरच्या दांड्यावरचे ओरखडे, थंड इंजिन पहिल्या चावीला लागते का आणि धूर कोणत्या रंगाचा, हे तपासतो. सौदा जमला तर यंत्र मुरबाड-शहापूरकडे जाते आणि शेततळी, बांधबंदिस्ती, माळाचे सपाटीकरण अशा कामांना लागते. तिथे भाडे कमी मिळते, पण हप्ता फिटलेला असतो.