शुक्रावर कल्याणची लेक

संध्याकाळची कल्याण लोकल दिवा सोडून कोपरकडे निघाली की डाव्या हाताची खिडकी पश्चिमेकडे उघडते. खाजण, खाडीच्या पाण्याची चमक, आणि तिचे दिवस असतील तेव्हा या सगळ्याच्या वर शुक्राची चांदणी. दिवेलागण होण्याआधीच ती दिसायला लागते. आईच्या मांडीवरचं पोर तिच्याकडे बोट दाखवून विचारतं, "ती आपल्याबरोबर का येतेय?"

या प्रश्नाचं अर्धं उत्तर आकाशात आहे आणि अर्धं आपल्या डोक्यात. रुळांलगतचे खांब सर्रकन मागे पळतात, लांबच्या इमारती सावकाश सरकतात, त्यापलीकडचे डोंगर आणखी सावकाश. शुक्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ येतो तेव्हाही सुमारे ४ कोटी किलोमीटर दूर असतो. आपण दिव्याहून कल्याणला पोचलो, तरी त्याच्या दिशेत डोळ्याला कळेल एवढा फरक पडत नाही. मेंदूचा रोजचा अनुभव मात्र असा, की आपण चालत असताना जे मागे पडत नाही ते आपल्यासोबत चालत असतं. म्हणून तो खात्रीने सांगतो, चांदणी आपल्याबरोबर येतेय. ४ कोटी किलोमीटरवरच्या एका ग्रहाला मन सोबती करून टाकतं.

आकाशाकडे बघणारा माणूस हेच करत आला आहे. त्या पोराला सांगावी अशी आणखी एक गोष्ट आहे. त्या चांदणीवर खरोखरच आपलं कुणीतरी आहे. शुक्राच्या नकाशावर एका विवराचं नाव 'जोशी' आहे, आणि ते कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशींचं आहे.

आधी ती चांदणी म्हणजे काय ते पाहू. शुक्राचा व्यास १२,१०४ किलोमीटर, म्हणजे जवळपास पृथ्वीएवढाच. म्हणून त्याला पृथ्वीचं जुळं भावंड म्हणतात; पण जुळ्यांची नशिबं किती वेगळी निघावीत! शुक्राच्या पृष्ठभागावर सुमारे ४६५ अंश सेल्सियस तापमान असतं. शिसं तिथे वितळून वाहू लागेल. हवा जवळजवळ सगळी कार्बन डायऑक्साइडची, आणि तिचा दाब आपल्या हवेच्या नव्वदपटींहून जास्त. वर गंधकाम्लाचे ढग. स्वतःभोवती एक फेरी मारायला त्याला २४३ दिवस लागतात आणि सूर्याभोवती फिरायला २२५. त्याचा दिवस त्याच्या वर्षाहून मोठा. तो उलटा फिरतो, त्यामुळे तिथे सूर्य पश्चिमेला उगवतो. १९८२च्या मार्चमध्ये तिथे उतरलेलं सोव्हिएत संघाचं व्हेनेरा १३ हे यान १२७ मिनिटं तग धरून राहिलं आणि मग थंडावलं. तेवढा वेळ टिकणं हाच विक्रम ठरला.

आपल्याला जी शोभा दिसते ती त्या ढगांची. ते इतके दाट आणि पांढरे आहेत की त्यांच्यावर पडलेल्या सूर्यप्रकाशाचा मोठा हिस्सा परत फिरतो. म्हणून सूर्य आणि चंद्र सोडले तर आकाशात शुक्राएवढं तेजस्वी काही नाही. त्याच ढगांनी जमीन झाकून टाकली आहे. कितीही मोठी दुर्बीण लावली तरी डोळ्याला ती दिसणार नाही. रेडिओ लहरी मात्र ढगांतून आरपार जातात. १९९० ते १९९४ या काळात अमेरिकेच्या मॅगेलन यानाने शुक्राभोवती फिरत रडारने जवळजवळ सगळी जमीन चाचपली. लहर सोडायची, ती आपटून परत येईपर्यंत थांबायचं, आणि त्या प्रतिध्वनीतून उंचसखल जमीन ओळखायची. आंधळ्याने काठीने रस्ता ओळखावा तसा एका अख्ख्या ग्रहाचा नकाशा तयार झाला.

नकाशा झाला की नावं लागतात. ग्रहगोलांवरच्या जागांना नावं देण्याचं काम आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचं. शुक्रासाठी संघाने नियम केला की इथली नावं स्त्रियांची. देवींची नावं पठारांना आणि पर्वतांना. आणि २० किलोमीटरहून मोठ्या विवरांना, आपल्या कामाने नाव कमावून गेलेल्या स्त्रियांची. उत्तरेकडे जमिनीपासून साडेतीन-चार किलोमीटर उंच असं एक विस्तीर्ण पठार आहे, त्याचं नाव लक्ष्मी. दक्षिणेला एका ज्वालामुखी पर्वताचं नाव उषा, वेदांतली पहाटेची देवता. लक्ष्मी पठाराच्या कडेला ११ किलोमीटर उंचीचे मॅक्सवेल पर्वत आहेत. त्या साऱ्या नकाशात पुरुषाचं हे एकच नाव, कारण ते नियमाच्या आधी दिलं गेलं. ते शोभतंही. विद्युतचुंबकीय लहरींचं गणित ज्यांनी मांडलं ते जेम्स क्लार्क मॅक्सवेल. त्या लहरींवाचून रडार नाही आणि रडारवाचून हा नकाशाच नाही.

देवी आणि माणसं एकाच नकाशावर शेजारी राहतात. आपल्या देवघरातही पितरांचे टाक देवांच्या पंगतीला बसतातच की.

आता 'जोशी' विवर. ते शुक्राच्या विषुववृत्ताच्या उत्तरेला, साडेपाच अंशांच्या आसपास आहे. इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी दोन 'ई', आनंदीबाई इंग्रजीत आपलं आडनाव लिहीत तसे. व्यास सुमारे ३४ किलोमीटर. हा आकडा ठाणेकरांच्या ओळखीचा आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी रेल्वे बोरीबंदरहून ठाण्याला आली, तेव्हा तिने कापलेलं अंतर एवढंच होतं. एका खडकाच्या आघाताने जमिनीत एवढी वाटी पडावी याची कल्पना करायची असेल, तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला गाडीत बसा आणि ठाण्याला उतरा. तुम्ही विवराच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर पोचलात.

कल्याणात ३१ मार्च १८६५ रोजी यमुना जोशी जन्मली. नवव्या वर्षी तिचं लग्न पोस्टात कारकून असलेल्या गोपाळराव जोशींशी झालं आणि ती आनंदी झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. या दुःखातून डॉक्टर होण्याचा निश्चय झाला, असं त्यांची चरित्रं सांगतात. वाटेत झारीतले शुक्राचार्य पुष्कळ होते: शिकणाऱ्या बाईची टवाळी करणारे होते, आणि धर्म बदललात तर मदत करू असं सुचवणारेही होते. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात उभं राहून त्यांनी आपण अमेरिकेला का जात आहोत ते सांगितलं, आणि हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन, हेही सांगितलं. एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीत चढल्या तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजातून त्यांनी पदवी घेतली. प्रबंधाचा विषय होता हिंदूंचं प्राचीन प्रसूतिशास्त्र. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. पुढे रमाबाईंचंही नाव शुक्रावर गेलं, पतीच्या 'मेधावी' या आडनावाने. पदवी घेणारी आणि टाळ्या वाजवणारी, दोघी आज एकाच ग्रहावर आहेत.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात आनंदीबाईंची नेमणूक झाली होती, पण काम सुरू करायला क्षयाने सवड दिली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यांची रक्षा अमेरिकेत, पौकीप्सीच्या दफनभूमीत, ज्यांनी त्यांना लेकीसारखं सांभाळलं त्या कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आहे. देह पुण्यात गेला, रक्षा समुद्रापार, नाव शुक्रावर.

आता या गोष्टीतला मला सगळ्यांत आश्चर्याचा वाटणारा भाग. आपल्या पुराणांत शुक्र म्हणजे असुरांचे गुरू शुक्राचार्य. मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या फक्त त्यांना येत होती. ती शिकायला बृहस्पतींचा मुलगा कच परक्या मुलखात, शत्रूच्या घरी जाऊन राहिला. आपल्याकडे शुक्रवार हा शुक्राचा वार, आणि श्रावणातल्या शुक्रवारी डोंबिवली-कल्याणच्या घराघरांत आजही जिवतीचा कागद भिंतीवर लागतो. लेकरांना अंगाखांद्यावर खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका, नरसिंह, कालियामर्दन कृष्ण, आणि तळाशी हत्तीवरचा बुध आणि वाघावरचा बृहस्पती. आई मुलांना पाटावर बसवून ओवाळते आणि एकच मागते: माझं लेकरू जगू दे.

दहा दिवसांचं बाळ गमावलेली आई जीव वाचवण्याची विद्या शिकायला परक्या मुलखात गेली, आणि तिचं नाव संजीवनीच्या स्वामीवर कोरलं गेलं. ग्रहनामांची यादी करणाऱ्यांच्या मनात जिवतीचा कागद असण्याचं काही कारण नाही. हा योगायोग आहे. त्या विवरातला तापलेला खडक कुणाचं दुःख जाणत नाही. अर्थ आपलं मन भरतं, आगगाडीच्या खिडकीतून चांदणीला सोबती करणारं तेच मन.

पण या अर्थ भरण्याने विज्ञानाचं काही बिघडलं का? उलटच घडलं. बॅबिलोनियात सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी शुक्राच्या उदयास्तांच्या नोंदी मातीच्या पाट्यांवर झाल्या, त्या शकुन पाहण्यासाठी. शुक्राला देवी मानून तिची मर्जी ओळखायची म्हणून रोज बघितलं, आणि रोज बघितल्याने आकडे जमले. आपलं पंचांगही तसंच. 'शुक्राचा अस्त' असला की घरात लग्नाचा मुहूर्त निघत नाही, पण त्या अस्तामागे चोख गणित आहे. शुक्र सूर्याच्या पलीकडे जातो तेव्हा दीड-दोन महिने सूर्याच्या तेजात बुडून राहतो. सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधून जातो तेव्हा आठवड्याभरात पुन्हा दिसतो. एक अस्त लांब आणि एक आखूड, याचं कारण एवढंच. हे चक्र ५८४ दिवसांचं. अशी पाच चक्रं म्हणजे २,९२० दिवस, जवळजवळ आठ वर्षं. आज शुक्र जिथे दिसतो, आठ वर्षांनी याच तारखेच्या आसपास तो जवळपास तिथेच दिसेल.

श्रद्धेने आपल्याला वर बघायला लावलं आणि हिशेबाने जे दिसलं ते समजावलं. ग्रहाचा अस्त झाला म्हणून कुणाचा संसार मोडत नाही, हे गणित कळल्यावर स्वच्छ दिसतं. भीती गळून पडते, नवल मात्र वाढतं. आनंदीबाईंनी हेच करून दाखवलं होतं: कपाळीचं कुंकू आणि शवविच्छेदनाचं टेबल, दोन्ही त्यांच्या एकाच आयुष्यात मावलं. मुलं जगावीत म्हणून जिवतीपुढे दिवा लावणारी आणि प्रसूतिशास्त्र शिकायला समुद्र ओलांडणारी, दोघींची मागणी एकच. दुसरीने ती स्वतःच्या हातांनी पुरी करायची ठरवली.

आता आपलंही यान तिकडे निघणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये १,२३६ कोटी रुपयांच्या शुक्र मोहिमेला मंजुरी दिली. प्रक्षेपण मार्च २०२८ मध्ये करायचं ठरलं आहे. या यानावरही ढगांतून आरपार पाहणारं रडार असेल.

तोवर एवढं करा. शुक्र सायंकाळचा असेल तेव्हा दुर्गाडी किल्ल्यापाशी खाडीच्या काठावर, नाहीतर घराच्या गच्चीवर, सूर्य बुडाल्यावर पश्चिमेकडे तोंड करून उभे राहा. पहाटेचा असेल तेव्हा पूर्वेकडे. न लुकलुकणारा, सगळ्यांत तेजस्वी ठिपका तोच. मुलांना तो दाखवा आणि सांगा, तिथे ३४ किलोमीटर रुंदीची एक जागा आहे, आणि तिला कल्याणच्या मुलीचं नाव आहे.