मुक्या जिवाचे दात आणि भूल

सुरत जिल्ह्यातील पलसाणा तालुक्यात कापडाच्या कारखान्यांच्या आश्रयाने स्थिरावलेल्या ज्या मराठी कुटुंबांनी कुत्रे पाळले आहे, त्यांना पशुवैद्याने त्याचे दात साफ करण्यासाठी संपूर्ण भूल देण्याची शिफारस केली की काळजात धस्स होते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु कुत्र्याच्या 42 दातांवर साचणारे पिवळट-तपकिरी, दगडासारखे कीटण हिरड्यांच्या आतही उतरते. जागेपणी वरवर खरवडल्याने दात उजळतात, व्याधी मात्र कायम राहते. भूल देण्यापूर्वी रक्त तपासून यकृत व मूत्रपिंड यांची हालहवाल पाहतात, आणि दात साफ करणाऱ्या यंत्राचे पाणी फुप्फुसांत उतरू नये म्हणून श्वासनलिकेत नळी बसवितात. 1846 साली बोस्टन शहरात मॉर्टन या दंतवैद्याने ईथर देऊन एका रुग्णाचा दात वेदनेविना काढला. मनुष्याला लाभलेला तो दिलासा या मुक्या जिवाला नाकारणे मला अन्यायाचे वाटते. भुलीनंतर घरी आल्यावर कुत्रे अडखळेल, कण्हेल. त्यास जिन्यापासून दूर, उबेत निजवावे व मऊ अन्न थोडथोडे द्यावे. भूल देण्याच्या आदल्या रात्री मात्र वैद्याने सांगितलेल्या वेळेनंतर त्यास काही न भरविण्याची ताकीद घरातल्या पोरासोरांनाही द्यावी, कारण प्रेमाने दिलेला पोळीचा तुकडा भुलीत उलटून जिवावर बेतू शकतो.